मोठ्या सरांचे डोळे

छप्पन्न वर्षांच्या बाईला कुणी छोटी म्हणत नाही. तिला मात्र सगळे म्हणत. घरात ती छोटी होती, हॉस्पिटलात छोट्या मॅडम, आणि वॉर्डातले मामा तर ती पाठमोरी असताना नुसतं ‘छोट्या’ म्हणूनच मोकळे होत. त्याला कारण तिचा दादा. तो मोठे सर असल्यावर तिला दुसरं काय म्हणणार? तो शस्त्रक्रिया करायचा, ती भूल द्यायची. दोन मजल्यांचं ते हॉस्पिटल त्या दोघांनी मिळून उभं केलं होतं, आणि गावातल्या निम्म्याअधिक घरांत दादाच्या टाक्यांची खूण घेऊन फिरणारं एखादं तरी माणूस होतं.

वडील गेले तेव्हा ती शाळेत होती आणि दादा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. पुढे तिचा अभ्यास त्याने घेतला, चुकल्यावर रागावला तोच, आणि पास झाल्यावर सगळ्या गल्लीला सांगत सुटला तोही तोच. पुढे काय शिकायचं असा प्रश्न आला तेव्हा म्हणाला, “तू भूलतज्ज्ञ हो. मी काम करत असताना पेशंटच्या उशाशी असं कुणीतरी पाहिजे, ज्याच्याकडे मला वळून बघावं लागणार नाही.”

तो खरंच कधी वळून बघत नसे. ती मात्र सतत त्याच्याकडे बघत असे. तिचं कामच ते होतं. एक डोळा यंत्रावर, एक डोळा सर्जनच्या हातावर.

त्या दिवशी हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. थिएटरच्या सिस्टरांनी डावीकडून चिमटा पुढे केला. दादाने न बघता हात लांब केला आणि चिमट्याच्या वीतभर अलीकडे, रिकाम्या हवेत मूठ मिटली. सिस्टरांनी एक अक्षर न बोलता चिमटा त्याच्या बोटांत सरकवला. काम पुढे सुरू झालं. इतकंच. पण सिस्टरांची नजर मास्कवरून क्षणभर छोटीकडे आली आणि चोरी पकडल्यासारखी लगेच खाली गेली.

चिमटा चुकणं एकवेळ कुणाचंही होईल. पण सिस्टरांनी तो ज्या सराईतपणे हातात दिला होता, तो काही पहिल्या वेळेचा नव्हता.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. हत्यारांचा ट्रे कधीपासून तरी उजवीकडे आला होता. जमिनीवरची नळी ओलांडताना दादा पाय आधी चाचपून टाकायचा. खालच्या कोपऱ्यातला कापसाचा बोळा उचलायला मान सगळी वाकवायचा, कोंबडीने दाणा टिपावा तशी. दोरा कापताना कात्री एकदा पुढे, एकदा मागे, आणि मग बरोबर. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि तिने ते वयाच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

शेवटचा पेशंट गेल्यावर ती त्याच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

“दादा, डाव्या डोळ्याने तुला कितपत दिसतं?”

“दिसतं की. का गं?”

“उजवा झाक आणि माझी बोटं मोज.”

“मी पेशंट आहे का तुझा?” तो हसला. ती हसली नाही. तेव्हा त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत मागे टेकला. “काचबिंदू आहे. चार वर्षं झाली. थेंब टाकतोय. डावा जवळजवळ गेल्यातच जमा आहे. उजव्याचा खालचा भाग अंधुक आहे, बाकी ठणठणीत.”

“वहिनीला माहीत आहे?”

“थेंबांची बाटली तीच आणते.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुला सांगितलं असतं तर तू भूल दिली असतीस?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. बराच वेळ वाद झाला. तो म्हणाला, हे काम डोळ्यांचं कमी आणि हातांचं जास्त आहे, हातांना सगळं पाठ आहे. ती म्हणाली, पोटाच्या आतलं पाठ करता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, हे तूच मला शिकवलंयस. शेवटी तो नमला. तरुण सर्जन बघतो, तोवर बारीकसारीक कामंच करीन, मोठ्या ऑपरेशनला हात लावणार नाही, असा शब्द त्याने दिला. दादाचा शब्द म्हटल्यावर ती निश्चिंत झाली.

महिनाही झाला नसेल. थिएटरबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: थायरॉइड, मोठे सर. गळ्याचं ऑपरेशन. बाजूला आवाजाची नस, पलीकडे मोठ्या रक्तवाहिन्या.

“मी भूल देणार नाही,” तिने त्याला स्पष्टच सांगितलं.

“नको देऊ,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या हॉस्पिटलातून भूलतज्ज्ञ बोलावला. ऑपरेशन पार पडलं. बाई शुद्धीवर आल्या, स्वच्छ आवाजात पाणी मागितलं. संध्याकाळी जिन्यात छोटी समोर आली तेव्हा तो नुसता म्हणाला, “बोलतायत त्या. ऐकून ये.”

ती ऐकायला गेली नाही. आपण बाजूला झालो तर तो थांबेल, अशी तिची समजूत होती. उलट झालं होतं. त्याच्या हातांवर लक्ष ठेवणारं उशाशी कुणीच उरलं नव्हतं.

वैद्यक परिषदेचं कार्यालय एका जुन्या सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. डॉक्टरांची नोंदणी तिथेच होते आणि डॉक्टरांविरुद्धची तक्रारही तिथेच. एकाच खिडकीसमोर दोन रांगा होत्या. एका रांगेत नुकते पास झालेले डॉक्टर प्रमाणपत्रं सांभाळत हसतखिदळत उभे होते. दुसऱ्या रांगेत कुणी हसत नव्हतं. छोटी त्या दुसऱ्या रांगेत उभी राहिली.

“निनावी तक्रार करता येईल का?” तिने खिडकीतल्या बाईंना विचारलं.

“नाही. नाव, पत्ता, प्रत्येक पानावर सही. एक प्रत त्या डॉक्टरांना जाते. त्यांचा खुलासा येतो. मग छाननी होते, आणि दम असेल तर सुनावणी.” बाईंनी हे इतक्या वेळा सांगितलेलं होतं की त्या श्वासही घेत नव्हत्या. “पेशंट तुमचे कोण?”

“पेशंट नाही. मी त्यांच्याबरोबर काम करते.”

“बरं. डॉक्टरांशी काही वैयक्तिक संबंध?”

“सख्खा भाऊ.”

बाईंनी मान वर केली. बाजूच्या रांगेतला हशा अचानक फार मोठा वाटायला लागला.

“बाहेर बाकडं आहे,” त्या म्हणाल्या, आता सावकाश. “थोडं बसा, हवं तर घरी जाऊन विचार करा. आम्ही पाचपर्यंत आहोत.”

छोटी बाकड्यावर बसली. तिला वाटलं, उठून दादाकडे जावं, पुन्हा एकदा हात जोडावेत. पण हात जोडून झाले होते. तो ऐकणारा असता तर फळ्यावर ते नाव चढलंच नसतं. पाच वाजायच्या आत तिने प्रत्येक पानावर सही केली.

तक्रारीची प्रत घरी पोचली त्या दुपारी वहिनी छोटीच्या दारात आली. आत आली नाही.

“ज्याने तुला बोट धरून चालवलं, त्याच्या पोटावर पाय आणलास?”

“वहिनी, तुला सगळं माहीत होतं. तूच थेंब आणतेस.”

“माहीत होतं. म्हणून मी गावभर सांगत सुटले का? हॉस्पिटल सोडलं तर त्या माणसाकडे दुसरं काय आहे गं? त्याला घरी बसवलं तर चार महिन्यांत भिंतीकडे तोंड करून पडेल.”

“एखाद्याचा जीव गेला म्हणजे?”

“गेलाय का कुणाचा? सांग ना. गेलाय?”

वहिनी आली तशी गेली. तेव्हापासून दादाच्या घरचा फोन बंद झाला. हॉस्पिटलात तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायचा, तेही सिस्टरांमार्फत. सिस्टर बिचाऱ्या दोघांच्या मधे निरोप्यासारख्या फिरत. परिषदेने त्यांनाही पत्र पाठवलं तेव्हा त्यांनी लिहून दिलं, की मला काही विशेष आठवत नाही. छोटीने त्यांना दोष दिला नाही. त्यांना दोन मुली शिकवायच्या होत्या, आणि मोठ्या सरांनीच त्यांना नोकरीला ठेवलं होतं.

सुनावणीच्या दिवशी व्हरांड्यात समोरासमोर दोन बाकडी होती. एकावर दादा, वहिनी आणि वकील. दुसऱ्यावर छोटी एकटी. मधली फरशी दोन पावलांची असेल नसेल. दादाने नवा शर्ट घातला होता आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. वहिनीच्या ते लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. छोटीचा हात पुढे व्हायला शिवशिवत होता; तिने तो पर्सखाली दाबून धरला.

आत लांब टेबलापलीकडे समिती बसली होती. अध्यक्ष हाडांचे डॉक्टर, वयस्कर, मोजकं बोलणारे. सदस्यांपैकी एकजण दादाच्या वर्गातले निघाले. तसं सांगून ते स्वतःहून उठून बाहेर गेले. उरलेल्यांत आणखी एक डॉक्टर, आणि एक बाई ज्या डॉक्टर नव्हत्या. त्या आयुष्यभर ग्रंथालय चालवून निवृत्त झाल्या होत्या आणि लोकांच्या वतीने समितीवर नेमल्या गेल्या होत्या.

वकील हुशार होता. त्याने आधी छोटीचं कौतुक केलं, मग अलगद विचारलं, “तुमचे बंधू निवृत्त झाले तर हॉस्पिटल कुणाच्या ताब्यात येईल?”

“माझ्या. आम्ही दोघं भागीदार आहोत.”

“हां. आणि गेल्या वर्षी नवीन मजला बांधण्यावरून तुमच्यात वाद झाला होता.”

“झाला होता.”

“म्हणजे या तक्रारीने तुमचा फायदाच आहे.”

चारचौघांत कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. तिने दादाकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्याने मान हलवली नाही, होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वकिलाच्या प्रश्नापेक्षा ते गप्प बसणं तिला जास्त लागलं.

“डॉक्टर,” वकील पुढे म्हणाला, “तुमच्या बंधूंच्या दृष्टीमुळे इजा झालेला एक पेशंट सांगा. एकच.”

“माझ्या माहितीत,” ती म्हणाली, “अजून तरी नाही.”

“अजून तरी,” वकिलाने समितीकडे बघून तेच शब्द हसत उच्चारले. “म्हणजे न घडलेल्या गुन्ह्याची सुनावणी चालू आहे.”

तेव्हा ग्रंथालयाच्या बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “मला एक विचारायचंय. तुम्ही स्वतः कधी यांच्याकडून ऑपरेशन करून घेतलंय?”

“हो. आठ वर्षांपूर्वी. पित्ताशयाचं.”

“दुसऱ्या कुणाकडे जावंसं वाटलं नाही?”

“मनातही आलं नाही. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही.”

“आणि आज करायचं झालं तर?”

छोटीला वाटलं, हा प्रश्न आपल्याला नको होता.

“आज नाही,” ती म्हणाली.

दादाने तेव्हा मान उचलली. त्याने तिच्याकडे पाहिलं. पण नजर थोडी बाजूला, तिच्या खांद्यावर पडली.

समितीने त्याच दिवशी आदेश दिला: परिषदेने ठरवलेल्या नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी, आणि अहवाल येईपर्यंत शस्त्रक्रिया बंद. अहवाल आला तो दादाने सांगितल्यापेक्षाही वाईट होता. नोंदणीवर अट पडली की पेशंट तपासावेत, औषध द्यावं, पण हातात हत्यार धरू नये. छोटीचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि तिला त्याचा तिळमात्र आनंद झाला नाही.

नवा सर्जन आला. तरुण, बडबड्या, काम करताना गाणी गुणगुणणारा. दादा खालच्या मजल्यावर खोकला-ताप बघायला लागला. वहिनीला भीती होती तसा तो भिंतीकडे तोंड करून पडला नाही. रोज वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. फक्त जिन्यात पावलं ऐकू आली की छोटी थांबायची, आणि तो पायऱ्यांवर पाय चाचपत, कठड्याला धरून, तिच्या शेजारून निघून जायचा.

असे कितीतरी महिने गेले. मग एका रविवारी दुपारी तिच्या घराची बेल वाजली. दारात दादा. रिक्षाने एकटाच आला होता.

ती पाणी आणायला वळली, तर तो म्हणाला, “आधी बस. मी बोलायला लागलोय तोवर बोलून घेऊ दे.”

ती बसली.

“ती शाळेची गाडी चालवणारी बाई आठवते? गर्भाशय काढलं होतं आपण.”

छोटीला आठवली. दणकट अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. ऑपरेशन टेबलावर मात्र लहान मुलीसारखी थरथरत होती. चिमट्याचं ते हवेत चुकणं तिच्या लक्षात आलं, त्याच्या आठेक महिने आधीची गोष्ट. ऑपरेशननंतर बाईचा ताप उतरेना, पोट फुगलं. लघवीची एक नळी आतमध्ये दुखावली गेली होती. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे पुन्हा पोट उघडलं, आणि शेवटी एक मूत्रपिंड काढावं लागलं. दादाने तिच्या नवऱ्याला समोर बसवून, चित्र काढून समजावलं होतं, की या ऑपरेशनमध्ये शंभरात एखाद्याला असं होतं, कुणाच्याही हातून होतं. ते खोटंही नव्हतं. नवरा त्याच्या पाया पडून गेला होता.

“ती नळी मला दिसली नाही,” दादा म्हणाला. “खालच्या कोपऱ्यात होती. मी टाका घेतला, तो अंदाजाने घेतला. तेव्हाच मनात आलं, थांबावं, कुणाला तरी बोलवावं. नाही थांबलो.”

“तू तिथे म्हणालीस, अजून तरी नाही. मी शेजारी बसून ऐकलं. वकील हसला, आणि मी गप्प बसलो. तुझ्यावर हॉस्पिटल लाटल्याचा आळ आला, तेव्हाही गप्प बसलो.” त्याने चष्मा काढला आणि पुसत राहिला, पुसायचं काही नसताना. “मला वाटलं, ऑपरेशनं बंद झाली म्हणजे विषय संपला. संपत नाही गं. खाली तापाचे पेशंट तपासतो, आणि प्रत्येक बाई तीच वाटते.”

“आता काय करायचं म्हणतोस?”

“तिला सांगायचंय. मग परिषदेला. आधी तिला. मला घेऊन जाशील?”

शाळेच्या गाडीवाल्या बाईचं घर गावाच्या कडेला होतं. दारासमोर पिवळी गाडी उभी होती आणि बाई बादली घेऊन काचा पुसत होती. मोठे सर स्वतः दारात आलेले बघून ती गोंधळली, हात झाडत पुढे आली, दोघांना आत नेऊन बसवलं. दादाने आडवळण घेतलं नाही. एका दमात सांगितलं: माझे डोळे तेव्हा अधू होते, मला माहीत होतं, मी लपवलं, आणि तुमचं नुकसान त्यामुळे झालं.

बाईने दादाला सोडून छोटीकडे पाहिलं.

“तुम्ही होता ना माझ्या उशाशी? मी रडत होते. तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, ‘मोठे सर आहेत, कशाला घाबरता?’ म्हणाला होतात ना?”

“हो,” छोटी म्हणाली. मला तेव्हा माहीत नव्हतं, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण तोच हात, तेच डोळे, तीच वाकणारी मान तेव्हाही तिच्यासमोर होती, आणि माहीत करून घेणं हे तिचंच काम होतं. तिने ते वाक्य गिळलं.

“दवाखान्यात होते तेव्हा शाळेने दुसरा माणूस ठेवला,” बाई म्हणाली. “वर्षभर घरी होते. वाटायचं, माझ्याच शरीरात काही खोट असेल. हे पण तसंच म्हणायचे.” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “उद्या संध्याकाळी या. हे घरी असतील. त्यांच्यासमोर परत सांगा. ते तुमच्या पाया पडले होते.”

“येतो,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो उठून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. त्यांना निघायचं होतं तेव्हाही तो वळला नाही.

दादाने आपली नोंदणी परत करायचा अर्ज दिला. त्याला वाटलं तेवढ्यावर भागेल. पण परिषदेने कळवलं की नोंदणी परत केली म्हणून चौकशी थांबत नाही. गाडीवाल्या बाईने रीतसर तक्रार केली होती, आणि तिला सगळ्यांसमोर ऐकून घेतलं जाण्याचा हक्क होता. पुन्हा तोच व्हरांडा, तीच दोन बाकडी. या वेळी दादाने वकील घेतला नव्हता. छोटी त्याच्याच बाकड्यावर बसली, कारण या वेळी खुलासा तिच्याकडूनही मागितला होता. समोर बाई आणि तिचा नवरा. वहिनी मधे उभी राहिली, कुठे बसावं ते तिला कळेना. शेवटी ती खिडकीपाशी गेली.

सिस्टर स्वतःहून आल्या. “मागच्या वेळी आठवत नाही म्हणाले होते,” त्यांनी समितीला सांगितलं. “आठवत होतं. ट्रे मीच उजवीकडे घेतला होता.” आणि त्या उभ्यानेच रडल्या.

अध्यक्षांनी दादाला विचारलं, काही म्हणायचंय का. तो म्हणाला, “बाईंनी सांगितलं ते सगळं खरं आहे. माझ्याकडे जोडायला काही नाही.” त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढण्यात आलं. छोटीला लेखी ताकीद मिळाली. आदेशात लिहिलं होतं की पेशंटच्या उशाशी बसणाऱ्या डॉक्टरने जे दिसतं ते वेळीच विचारायला हवं होतं. पहिली तक्रार तिचीच होती, म्हणून शिक्षा सौम्य ठेवली, असंही लिहिलं होतं. तिने अपील केलं नाही. वहिनीने मात्र खाली उतरताना रागाने विचारलं, “तुला कशाला गं? तूच तर सगळं पुढे आणलंस!” छोटी म्हणाली, “उशिरा आणलं, वहिनी.” कितीतरी महिन्यांनी दोघी एकमेकींशी बोलल्या, त्या अशा.

दादाने पुढे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. गेलेलं परत आलं नाही, उरलेलं टिकलं. आता छोटी रविवारी त्याच्याकडे जाते. तो रेडिओ ऐकत बसलेला असतो. हॉस्पिटलातलं फारसं विचारत नाही, नवा सर्जन अजून गुणगुणतो का एवढंच विचारतो.

परवा मात्र मधेच म्हणाला, “ती गाडी चालवते का गं अजून?”

“चालवते. मंगळवारी सिग्नलला शेजारी आली होती. मागे पोरांचा नुसता दंगा.”

“तू हात केलास?”

“नाही.”

“तिने पाहिलं तुला?”

“पाहिलं. मग दिवा हिरवा झाला, गेली.”

दादाने मान हलवली. थोड्या वेळाने त्याने रेडिओचा आवाज वाढवला, आणि वहिनी आतून म्हणाली की चहा होतोय, दोघं उठू नका, मी आणते.